तगरची हस्तिदंती पुतळी आणि रोमनांची आयसिस देवी

(द्वितीय वर्ष, कला)

इटलीतील पॉम्पेई हे शहर इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. त्या शहराशी आपल्या धाराशिव जिल्ह्याचा काही संबंध असेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. 1938 साली तेथील उत्खननात अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञांना एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीप्रतिमा सापडली. उंची सुमारे वीतभर, अंगावर भरपूर दागिने, दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' असे नाव पडले. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती प्रतिमा मराठवाड्यात दोन ठिकाणी मिळाल्या, एक जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे आणि दुसरी आपल्या तेर येथे. तेरची प्रतिमा कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने असलेल्या शासकीय संग्रहालयात आहे.

त्याच पॉम्पेईत 1764 साली आयसिस या इजिप्तच्या देवीचे मंदिर उजेडात आले होते. म्हणजे शहर गाडले गेले तेव्हा तेथे दोन परदेशी स्त्रीरूपे नांदत होती. एक इजिप्तहून आलेली, दुसरी भारतातून आलेली. पहिलीला मंदिर होते, पुजारी होते, रोजची पूजा होती. दुसरी एका घरात आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय म्हणून राहिली. एकीला देवीपण मिळाले आणि दुसरीला मिळाले नाही, याचे कारण काय असावे? या प्रश्नाच्या अनुषंगाने रोमन लोकांतील आयसिसपूजेची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तगर आणि पश्चिमेचा व्यापार

तेर म्हणजेच प्राचीन तगर. तेरणा नदीकाठचे हे गाव आज संत गोरोबाकाकांमुळे सर्वांना माहीत आहे. पण गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी तगरचे नाव ग्रीक भाषेत लिहिले गेले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून साधे कापड, मलमलीचे निरनिराळे प्रकार वगैरे माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या अवघड मुलखातून भडोचला नेत, असे तो लिहितो. भडोचहून जहाजात चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

भडोचहून निघालेला माल तांबड्या समुद्रातील बेरेनीके किंवा म्योस होर्मोस या बंदरांत उतरे. तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईल नदी, नदीतून अलेक्झांड्रिया आणि मग भूमध्य समुद्रातून इटली. इटलीत हा माल बहुधा पुतेओली बंदरात उतरत असे. हे बंदर पॉम्पेईपासून फार दूर नाही. म्हणजे दख्खनमधून इटलीला जाणाऱ्या मालाला इजिप्त ओलांडूनच जावे लागे. ज्या वाटेने आपली हस्तिदंती पुतळी गेली असेल, त्याच वाटेच्या पुढच्या टप्प्यावर आयसिसही जहाजात चढली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पॉम्पेईची पुतळी तेरलाच घडवली गेली, असा आग्रह धरता येणार नाही. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षराची खूण आहे आणि ती लिपी वायव्य भारतातील. मात्र तेर आणि भोकरदनच्या प्रतिमांशी असलेले साम्य इतके स्पष्ट आहे की दख्खनचा विचार केल्यावाचून तिच्याविषयी बोलता येत नाही.

आयसिस कोण?

आयसिस ही इजिप्तची फार प्राचीन देवी. ओसायरिस हा तिचा भाऊ आणि पतीही. त्याला सेथ या दुष्ट भावाने कपटाने मारले. आयसिसने रडत, शोधत, देशभर हिंडून पतीच्या देहाचे तुकडे गोळा केले, मंत्रबळाने त्याला पुन्हा जीव दिला आणि त्याच्यापासून होरस हा पुत्र मिळवला. ओसायरिस मृतांच्या लोकाचा राजा झाला आणि होरसने बापाचा सूड घेतला. ग्रीक लेखक प्लुटार्क याने या कथेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

या कथेत देवी रडते, भटकते, लेकराला दूध पाजते. ती दुःख भोगलेली बायको आणि आई आहे. ग्रीक राजे इजिप्तवर राज्य करू लागल्यावर अलेक्झांड्रियाच्या खलाशांनी तिला समुद्राची रक्षणकर्तीही मानले. पुढे तर सर्व देशांच्या देवी म्हणजे आयसिसचीच निरनिराळी नावे, असे तिचे भक्त म्हणू लागले. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका पपायरसमध्ये तिच्या नावांची लांबलचक यादी आहे. कोणत्या गावात आणि कोणत्या लोकांत तिला काय म्हणतात, ते त्यात सांगितले आहे. त्या यादीत आपलाही देश आहे. भारतीयांत तिला 'माया' म्हणतात, असे तेथे लिहिले आहे. आपल्याकडे देवीला महामाया म्हणतातच. लिहिणाऱ्याच्या कानावर नेमके काय पडले होते हे कळायला मार्ग नाही, पण भारताचे नाव त्याला यादीत हवेसे वाटले ही गोष्ट लहान नाही.

रोमचे दार आणि कुऱ्हाड

आयसिस रोमला कोणत्या राजाने नेली नाही. ग्रीसजवळच्या डेलोस बेटावर इटलीचे व्यापारी, दलाल आणि त्यांचे गुलाम राहत असत. तेथे आयसिस आणि तिचा सहदेव सेरापिस यांची मंदिरे होती. हे लोक परत येताना देवीला घेऊन आले. पुतेओली येथे इ. स. पू. 105 मध्ये सेरापिसचे मंदिर उभे होते, असे एका शिलालेखावरून दिसते. पॉम्पेईचे आयसिसमंदिरही मुळात त्याच सुमाराचे मानतात.

रोम शहरात मात्र सिनेटला ही परकी देवी खपली नाही. इ. स. पू. 58, 53, 50 आणि 48 या वर्षी तिच्या वेद्या आणि देवळे पाडल्याचे किंवा पाडण्याचे हुकूम सुटल्याचे उल्लेख रोमन लेखकांत सापडतात. दहा वर्षांत चार वेळा! जे पाडले ते पुन्हा उभे राहत होते, म्हणूनच ते पुन्हा पाडावे लागले. यातील एक प्रसंग व्हॅलेरियस मॅक्सिमस या लेखकाने सांगितला आहे. सिनेटने देऊळ पाडण्याचा ठराव केला, पण एकही मजूर देवळाला हात लावायला धजेना. शेवटी एमिलियस पॉलस या कॉन्सलने आपला अधिकाराचा झगा उतरवला, कुऱ्हाड घेतली आणि दारावर स्वतः घाव घातला. कॉन्सल म्हणजे रोममधील सर्वांत मोठा अधिकारी. त्याच्या हुकमापेक्षा मजुरांना देवीचा धाक मोठा वाटला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे इजिप्तची राणी क्लिओपात्रा स्वतःला नवी आयसिस म्हणवू लागली. तिच्याशी लढून सत्तेवर आलेल्या ऑगस्टसने इ. स. पू. 28 मध्ये शहराच्या पवित्र हद्दीत इजिप्तच्या पूजांना बंदी केली. इ. स. 19 मध्ये टायबेरियस बादशहाने एका गैरप्रकाराचे निमित्त करून आयसिसच्या पुजाऱ्यांना क्रूसावर चढवले, देऊळ पाडले आणि मूर्ती टायबर नदीत फेकली, असे जोसेफस लिहितो. टॅसिटस सांगतो की इजिप्शियन आणि यहुदी आचार पाळणाऱ्या, मुक्त गुलामांच्या वर्गातील 4,000 लोकांना सार्डिनिया बेटावर पाठवण्यात आले.

एवढे होऊनही देवी हरली नाही. इ. स. 69 च्या यादवीत डोमिशियन आयसिसच्या पुजाऱ्याचा वेष घेऊन शत्रूच्या हातून निसटला. इ. स. 71 मध्ये व्हेस्पेशियन आणि टायटस या पितापुत्रांनी आपल्या विजययात्रेच्या आदली रात्र आयसिसच्या मंदिरापाशी काढली. ज्या राज्याने तिची मूर्ती नदीत टाकली, त्याच राज्याचे बादशहा सुमारे पन्नास वर्षांनी तिच्या दारी आले. पुढे ती साम्राज्यभर पसरली. लंडनमध्ये सापडलेल्या एका मातीच्या सुरईवर आयसिसच्या देवळाचा पत्ता कोरलेला आहे आणि जर्मनीतील माइन्झ येथे तिच्या मंदिराचे अवशेष या शतकाच्या उंबरठ्यावर मिळाले आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती बादशहांनी जुन्या पूजा बंद केल्या, तरी इजिप्तच्या दक्षिण टोकाला फिले बेटावर तिची पूजा सहाव्या शतकापर्यंत टिकली.

पूजा कशी चाले?

आयसिसपूजेचे सर्वांत जिवंत वर्णन आफ्रिकेतील मदौरा गावच्या आपुलेयुस याच्या कादंबरीत आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या पुस्तकाचा नायक जादूच्या नादाने गाढव होतो आणि शेवटी आयसिसच्या कृपेने पुन्हा माणूस होतो. त्यात रोजची पूजा आली आहे. पहाटे देवळाचे दार उघडते, पांढरे पडदे बाजूला होतात, भक्त दर्शन घेतात, पुजारी वेद्यांना फेरी घालून पाण्याचे अर्घ्य देतो. डोके तुळतुळीत केलेले पुजारी पांढरे तागाचे वस्त्र नेसत. हातात सिस्ट्रम नावाचे छुमछुम वाजणारे खुळखुळ्यासारखे वाद्य असे. पाणी नाईलचे समजून पवित्र मानत. देवीला नेसवायला, सजवायला खास सेवेकरी असत.

5 मार्चला मोठा उत्सव होई. हिवाळ्यात बंद पडलेली जहाजे पुन्हा सुरू होण्याचा तो दिवस. मिरवणुकीने समुद्रावर जाऊन एक सजवलेली नाव देवीच्या नावाने पाण्यात सोडत. मिरवणुकीतील एक तपशील मला फार लक्षणीय वाटला. काही बायका पाठीवर उलटे आरसे धरून चालत, म्हणजे मागून येणाऱ्या देवीला आपल्यापुढे चाललेल्या भक्तांची रांग दिसावी. दुसऱ्या काहीजणी हस्तिदंती फण्या घेऊन हवेतल्या हवेत देवीची वेणीफणी केल्यासारखे हात फिरवत. आपल्या तगरच्या पुतळीलाही विद्वान आरशाची मूठ मानतात. पॉम्पेईची पुतळी अशा मिरवणुकीत होती असे म्हणायला पुरावा नाही. तरी आरसा आणि हस्तिदंत या दोन वस्तूंनी त्या बायकांच्या हातात पूजेचा अर्थ धारण केला होता, एवढे नक्की.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला या वर्णनात फारसे परके वाटणार नाही. तुळजापूरला पहाटे चरणतीर्थ होते, रात्री प्रक्षाळ होते. आई भवानीची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रेला जाते. शारदीय नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून येतो. देवी इथली, पण तिचे अंथरूण दुसऱ्या जिल्ह्यातील लोकांच्या हातून येते. भक्तांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेचा विचार केला तर आणखी नवल वाटते. समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरात, देवीची खूण म्हणून समुद्रातला जीव माळेत ओवला जातो.

सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी एकीपासून दुसरी निघाल्या, असे मला म्हणायचे नाही. देवीला उठवणे, नेसवणे, निजवणे हे माणसाला कोठेही सुचू शकते. साम्याचा उपयोग एवढाच की रोमन लोक आयसिसच्या दारी का जात होते, हे आपल्याला तुळजापूरच्या दारावरून लवकर उमगते.

हसणारे आणि पूजणारे

रोममधील शिकलेले लोक आयसिसच्या भक्तांना हसत. जुव्हेनल हा उपहासकवी एका रोमन बाईची टर उडवतो. ती भर थंडीत टायबरवरचे बर्फ फोडून पहाटे तीनदा बुडी मारते आणि रक्ताळलेल्या गुडघ्यांनी रांगत जाते. देवीने सांगितले तर इजिप्तच्या टोकाला जाऊन देवळात शिंपडायला पाणी आणील, असे तो म्हणतो. हे वाचताना मला कल्लोळ तीर्थावर स्नान करून ओल्या लुगड्याने देवळाभोवती लोटांगण घेणाऱ्या आमच्याकडच्या बायका आठवल्या. माझी आजी आराधी आहे. आमच्या घरी परडी आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी जोगवा मागितला जातो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. जोगव्याला हसणारी शिकलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्या हसण्यात सामील व्हावे, असा मोह पहिल्या वर्षी मलाही होत होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने श्रद्धा ठेवावी की नाही, हा वेगळा विषय आहे. पण जुव्हेनलने टर उडवली म्हणूनच त्या बाईची पहाट आज आपल्याला दिसते. तिने स्वतः एक ओळही लिहिलेली नाही. उपहासातूनही माणसाचे जगणे वाचता आले पाहिजे, हा अभ्यासाचा भाग आहे.

सहा वर्षांच्या मुलाचे मंदिर

पॉम्पेईचे आयसिसमंदिर इ. स. 62 च्या भूकंपात कोसळले. ते पायापासून पुन्हा बांधले गेले आणि दारावर शिलालेख लावला गेला. त्यात बांधणाऱ्याचे नाव आहे न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस. स्वतःच्या पैशाने मंदिर बांधले म्हणून नगरसभेने त्याला फुकट सभासद करून घेतले आणि त्याचे वय तेव्हा सहा वर्षांचे होते! सहा वर्षांच्या मुलाकडे पैसा कोठून येणार? त्याचा बाप अँप्लियाटस हा पूर्वी गुलाम होता आणि पुढे मुक्त झाला होता. कायद्याने मुक्त गुलामाला नगरसभेत बसता येत नव्हते, पण त्याच्या स्वतंत्र जन्मलेल्या मुलाला बसता येत होते. बापाने मुलाच्या नावाने देवीचे देऊळ बांधले आणि जे दार आपल्याला बंद होते ते मुलासाठी उघडून घेतले.

हा शिलालेख आयसिसच्या यशाचे मर्म सांगतो. जुन्या रोमन देवांचे मानाचे पुजारीपण मोठ्या घराण्यांच्या हाती होते. आयसिसच्या दारी गुलाम, मुक्त गुलाम, बायका, परदेशी खलाशी यांना जागा होती. म्हणून ते तिच्यासाठी पैसा देत होते, उपास करत होते आणि वेळ आली तेव्हा सार्डिनियालाही गेले.

मग आपली पुतळी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हस्तिदंती पुतळी पॉम्पेईला पोचली, पण तिच्याबरोबर तिची गोष्ट सांगणारे कोणी पोचले नाही. ती लक्ष्मी की यक्षी हे त्या घरच्या माणसांना माहीत असण्याचे कारण नव्हते. व्यापाऱ्याने तिला विकले, धनिकाने विकत घेतले. आपल्याकडेही उलट दिशेने असेच घडले. रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदके तेरला मिळाली आहेत. नाण्यावरचा बादशहा येथे गळ्यातला दागिना झाला, तशी तेथे आपली पुतळी शोभेची वस्तू झाली.

जेथे माणसे गेली तेथे मात्र वेगळे घडले. तांबड्या समुद्रावरील बेरेनीके बंदरात भारतीय लोकांची ये-जा होती. तेथील सेरापिसच्या मंदिराच्या आवारात भारतीय रांजणात सुमारे 7.5 किलो मिरे सापडले आहेत. आणि 2022 साली त्याच गावातील आयसिसच्या मंदिराच्या प्रांगणात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. उंची 71 सेंटिमीटर, काळ उत्खनन करणाऱ्यांच्या मते दुसरे शतक. तेथेच फिलिप द अरब (इ. स. 244 ते 249) या रोमन बादशहाच्या काळातील संस्कृत शिलालेखही मिळाला आणि दुसऱ्या शतकातील सातवाहनांची दोन नाणीही. सातवाहन म्हणजे पैठणचे, तगरचे राज्यकर्ते. आयसिसच्या अंगणात बुद्ध उभा राहिला, कारण त्याच्यापुढे हात जोडणारी माणसे तेथे आली होती. देवीच्या पुजाऱ्यांनीही त्याला जागा दिली असली पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की व्यापाराने वस्तू दूरवर जातात, पण देव जायला माणसे जावी लागतात. ती माणसे बहुधा साधी असतात. आयसिसला खलाशांनी आणि गुलामांनी नेले, तिच्यासाठी बंदी सोसली आणि शेवटी बादशहांना तिच्या दाराशी आणले. तेरचे त्रिविक्रम मंदिरही अशा दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विटांची ती मागे गोलाकार असलेली इमारत मुळात बौद्ध चैत्य असावी, असे अभ्यासक मानतात. आज तेथे विष्णूची पूजा होते. वास्तू तीच राहिली, माणसे बदलली तसा आतला देव बदलला.

आपल्या जिल्ह्याचा रोमशी व्यापार होता, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण तगरचे कापड कोणी विणले, हस्तिदंत कोणी कोरला, गाड्या कोणी हाकल्या, त्यांची देवी कोणती होती, हे पेरिप्लसच्या लेखकाने लिहिलेले नाही. त्याला मालाची किंमत हवी होती. ही माणसे शोधायची तर संग्रहालयातील मण्यांइतकेच लक्ष आराध्यांच्या गाण्याकडे, गोंधळ्यांच्या संबळाकडे आणि जोगव्याच्या परडीकडेही द्यावे लागेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे साधन अजून आहे आणि गाणी पाठ असलेली पिढीही अजून हयात आहे. येत्या सुट्टीत प्रत्येकाने घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून निदान दहा गाणी वहीत उतरवून आणली, तर आपल्या इतिहास विभागाकडे असा संग्रह होईल की जो पेरिप्लसच्या लेखकालाही करता आला नाही.